खाणकामगाराला पाव बेट कसं मिळालं?

प्रश्न : लेकीकडे कॅनडाला गेलो होतो, तेव्हा व्हिक्टोरिया शहरातला क्रेगडॅरोक कॅसल पाहिला. स्कॉटलंडहून आलेल्या एका साध्या खाणकामगारानं तो बांधला, असं तिथे कळलं. खाणीत राबून कुणाला एवढा जमीनजुमला करता येतो का? आणि त्या घराण्याचं पुढे काय झालं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नुसतं राबून नाही करता येत. तुमची शंका रास्त आहे.

‘साधा खाणकामगार’ हेही अर्धंच खरं. रॉबर्ट डन्सम्यूर 1825 साली स्कॉटलंडच्या एअरशायर भागात जन्मला. त्याचे आजोबा कोळशाच्या खाणी चालवायचे, म्हणजे धंदा घरातलाच होता. पण पोरगा सात वर्षांचा असतानाच आईवडील गेले. पुढे बॉइड गिलमूर नावाच्या एका नातलगाला हडसन्स बे कंपनीनं व्हँकुव्हर बेटावर कोळसा काढायला पाठवायचं ठरवलं. त्याच्याबरोबर 1850च्या अखेरीस रॉबर्टही निघाला. सोबत बायको जोन आणि दोन लहान मुली होत्या, आणि जोनला दिवस गेले होते. थोरला मुलगा जेम्स मुक्कामाला पोहोचण्याआधीच, कोलंबिया नदीकाठच्या फोर्ट व्हँकुव्हरला जन्मला. ‘तू चल, तिकडे तुला किल्ला बांधून देईन,’ असं वचन नवऱ्यानं जोनला दिलं होतं म्हणतात. पर्यटकांना सांगायला गोष्ट छान आहे, एवढंच.

बेटावर त्यानं पहिला शहाणपणा केला तो 1855मध्ये. बाकीचे कामगार संपावर गेले, हा गेला नाही. कंपनीनं त्याला स्वतःच्या हिमतीवर खाण चालवायचा परवाना दिला. 1869मध्ये नॅनायमोजवळ त्याला वेलिंग्टनचा कोळशाचा थर सापडला. आरमारातल्या अधिकाऱ्यांचं भांडवल घेऊन त्यानं कंपनी काढली. कोळसा सॅन फ्रान्सिस्कोला जाऊ लागला आणि पैसा वाहू लागला. त्या पैशाची दुसरी बाजूही लिहायला हवी. 1877च्या संपात त्यानं लष्कर बोलावून कामगारांची बिऱ्हाडं कंपनीच्या घरांतून बाहेर काढली. चिनी मजुरांना गोऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी मजुरी द्यायची, हा तर तिथला रिवाजच. 1888मध्ये वेलिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन 77 माणसं मेली.

आता जमिनीकडे येऊ. 1871मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांत कॅनडात सामील झाला तो रेल्वेच्या वचनावर. रेल्वे काही येईना, बेटावरचे लोक चिडले. त्यांची समजूत घालायला एस्क्वायमॉल्ट ते नॅनायमो असा जेमतेम सव्वाशे किलोमीटरचाही नसलेला फाटा टाकायचं सरकारनं ठरवलं आणि काम डन्सम्यूरला दिलं. तेव्हा तो प्रांताच्या विधिमंडळाचा सदस्यही होता, हे सहज लक्षात असू द्या. मोबदला होता साडेसात लाख डॉलर आणि सुमारे 20 लाख एकर जमीन. आपल्या हिशेबात सांगायचं तर जवळजवळ अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याएवढी! बेटाचा पाव हिस्सा. जमिनीवरचं लाकूड आणि पोटातला कोळसाही त्यातच आला. कॅलिफोर्नियातले रेल्वेसम्राट भागीदार होते, पण निम्मा वाटा याचा. 1886च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांनी शेवटचा खिळा ठोकला. थोडक्यात, जमीन कुदळीनं नाही, करारानं मिळाली.

किल्ला मात्र त्याच्या नशिबी नव्हता. 1889च्या एप्रिलमध्ये तो वारला, बांधकाम पुरं झालं 1890 साली. खरा तमाशा त्यानंतरचा, आणि तो आपल्या वाचकांना अजिबात परका वाटणार नाही. धंदा तुमचाच, असं बापानं जेम्स आणि अलेक्झांडर या दोन्ही मुलांना तोंडी सांगितलं होतं. मृत्युपत्र उघडलं तर सगळं जोनच्या नावावर! आठ मुली आणि दोन मुलगे असलेल्या त्या बाईनं किल्ल्या कमरेच्या सोडल्या नाहीत. धंदा मुलांच्या हाती यायला दहा वर्षं आणि वर गेली, तेही पैसे मोजून.

अलेक्झांडर सॅन फ्रान्सिस्कोचं ऑफिस सांभाळायचा. जोसेफिन वॉलेस या बाईबरोबर तो वीसेक वर्षं राहिला, पण आई बेदखल करेल या धास्तीनं लग्न करेना. अखेर 1899च्या डिसेंबरात लग्न केलं आणि दीड महिन्याच्या आत न्यूयॉर्कमध्ये मेला. दारूनं पोखरलेला होता. मालमत्ता भावाच्या, जेम्सच्या नावे. जोसेफिनची मुलगी, नटी एडना वॉलेस हॉपर, हिनं मृत्युपत्राला आव्हान दिलं. आणि आई कुणाच्या बाजूनं उभी राहिली? नातसुद्धा नसलेल्या त्या नटीच्या! मुलगा तेव्हा प्रांताचा पंतप्रधान होता. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत चालला. जेम्स जिंकला, पण मायलेकांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. 1908मध्ये जोन गेली. किल्ल्याभोवतीच्या जमिनीचे प्लॉट पाडले, आणि प्लॉट घेणाऱ्यांत सोडत काढून किल्ला एकाला देऊन टाकला. ज्याला लागला त्यानं तो गहाण टाकला आणि घालवला. पुढे तिथे इस्पितळ, कॉलेज, शाळाखात्याची कचेरी, संगीतशाळा असं एकेक होत शेवटी तुम्ही पाहिलंत ते संग्रहालय झालं.

जेम्स लेफ्टनंट गव्हर्नर झाला. त्यानं शहराबाहेर स्वतःचा हॅटली कॅसल बांधला. ‘एक्स-मेन’ सिनेमांमधली शाळा म्हणजे तोच, नातवंडांना सांगा. त्याचा धाकटा मुलगा 1915मध्ये युद्धावर जाताना लुसिटानिया बोटीबरोबर बुडाला. जेम्सनं त्याआधीच रेल्वे, जमीन आणि खाणी विकल्या होत्या. 1920मध्ये तो गेल्यावर उरलेला पैसा पुढच्या पिढीनं उधळला, त्यात जुगाराचा वाटा मोठा. 1940मध्ये सरकारनं हॅटली 75,000 डॉलरला घेतला.

आणि ती जमीन? रेल्वेला दिली तेव्हा ती रिकामी नव्हती, तिथे मूळचे लोक राहत होते. त्यांच्यापैकी हुल्कुमिनुम भाषकांच्या संघटनेनं 2007मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे तक्रार नेली. 2009मध्ये आयोगानं ती दाखल करून घेतली.