सांजदैनिकात निघालेल्या भाचीला

नोकरी लागल्याचे पेढे ठेवून गेलीस आणि जिना उतरताना म्हणालीस, "मावशी, काही सांगायचं असेल तर सांग." तर ऐक. तुझ्या आईच्या मते टॅब्लॉइड म्हणजे खून, छापे आणि नट्यांची लफडी. ती अगदीच चुकीचं बोलत नाही. पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर. तुझा वाचक आणि तुझ्या बातमीतला माणूस संध्याकाळी एकाच लोकलने घरी जातात. मोठ्या पेपरातल्या मंत्र्याला बातमीने ओरखडाही उठत नाही. तुझ्या चौथ्या पानावर आलेल्या भांडुपच्या बाईला मात्र दुसऱ्या दिवशी नळावर उभं राहता येत नाही. मथळा ओरडू दे, तो ओरडायलाच असतो. त्याच्या खालची प्रत्येक ओळ मात्र सोनाराच्या काट्यावर तोललेली हवी.

तुझा दिवस इतरांच्या आधी सुरू होणार. दुपारी स्टॉलवर जाणारा पेपर, म्हणजे सकाळी लोक डबा भरत असतात तेव्हा तुझी पहिली बातमी आत जायला हवी. पोलीस ठाण्यात फोन लावून "काही विशेष?" असं विचारू नकोस. "काही नाही मॅडम" हे उत्तर तयारच असतं. त्यापेक्षा "रात्रीत एडीआर किती?" असं विचार. एडीआर, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद. गच्चीवरून पडलेला, गाडीखाली आलेला, घरात भाजलेली, सगळे आधी त्याच रकान्यात जातात आणि त्यातलंच एखादं प्रकरण दोन दिवसांनी खुनाचं निघतं. ज्या वार्ताहराने पहिल्या दिवशी पत्ता टिपून ठेवलेला असतो, बातमी त्याची.

रात्रपाळीचा अधिकारी घरी जायच्या आत गाठ. तो थकलेला असतो आणि त्याला कोणाशी तरी बोलायचं असतं. दिवसाचा साहेब "वरिष्ठांना विचारा" म्हणून मोकळा होतो. ठाणे अंमलदारासमोर खुर्ची ओढून बस. उभ्या माणसाला लवकर कटवतात. चहा आला तर घे, पुढचा तू सांग. हवालदाराचं गाव, मुलीची दहावी, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लक्षात ठेव, आणि त्याची बदली झाली तरी फोन करत राहा. निव्वळ कामापुरतं बोलणाऱ्याला निव्वळ प्रेसनोट मिळते.

एफआयआर मिळवणं आता आमच्या काळाइतकं अवघड राहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये आदेश दिला, त्यामुळे संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर संकेतस्थळावर टाकावे लागतात. पण कागद हातात आला म्हणजे सत्य हातात आलं असं समजू नकोस. तो तक्रारदाराचा जबाब असतो, दुसरी बाजू त्यात नसते. कलमं तपासून लिही. आमच्या तोंडात 302 आणि 420 इतकी बसलीत की शिव्याही त्याच आकड्यांत देतो आम्ही. पण 1 जुलै 2024 पासूनच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं 103 लागतं आणि फसवणुकीला 318. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याचा खटला मात्र जुन्याच कलमांखाली चालणार. उपसंपादक दोन्हीची खिचडी करतो आणि नाव तुझं छापून येतं.

"आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली" हे वाक्य स्वतःच्या जबाबदारीवर कधी लिहू नकोस. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. आधी पुरावा कायद्याचं कलम 25 तसं सांगत होतं, आता साक्ष अधिनियमाचं 23 सांगतं. "असा पोलिसांचा दावा आहे" हे चार शब्द घाल. जागा नाही म्हणून कोणी ते कापायला लागलं तर भांड. बलात्कारपीडितेचं नाव छापायचं नाही, हे तुला कॉलेजात शिकवलं असेल. पण नाव गाळून "अमुक नगरातल्या तमुक शाळेच्या शिपायाची नववीतली मुलगी" लिहिलंस तर गाळलंस काय? सगळ्या वस्तीला कळलं. पॉक्सोमध्ये, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, तर घर, शाळा, शेजार यातलं काहीच चालत नाही. गुन्हा करणारा अल्पवयीन असेल तर त्याचंही नाव नाही, मग कृत्य कितीही भयंकर असो.

आता सगळ्यात अवघड काम: मेलेल्या माणसाच्या घरी जाणं. तुला पाठवतील, कारण तू बाई आहेस. घरातल्या बायका बाईशी बोलतात हा हिशोब. आमच्या धंद्यात एक घाण रीत होती. फोटो हवा म्हणून भिंतीवरची तसबीरच उतरवून आणायची, म्हणजे दुसऱ्या पेपरवाल्याला मिळू नये, आणि परत द्यायची आठवण कोणालाच राहायची नाही. तो त्या घरातला एकुलता फोटोही असू शकतो. तुझ्याकडे मोबाइल आहे, जागेवर टिप आणि तसबीर तिथेच राहू दे. चप्पल दाराबाहेर काढ. आई-बायकोला पहिला प्रश्न विचारू नकोस. कोपऱ्यात एखादा दीर किंवा मामा यादी करत बसलेला असतो, सामान, फोन, दवाखान्याचे कागद. त्याच्याशी बोल. सगळं त्यालाच ठाऊक असतं आणि त्याला काहीतरी करायचं असतं. "कसं वाटतंय?" हा प्रश्न तर विचारूच नकोस. "ते सकाळी किती वाजता निघाले?" असं विचार, माणूस आपोआप बोलू लागतो. आणि "जा" म्हणाले तर निघ. ऑफिसात सांग, मिळालं नाही.

आत्महत्या असेल तर पद्धतीचं वर्णन नको, चिठ्ठी जशीच्या तशी नको, "परीक्षेत नापास झाल्याने" असं एकच कारण ठोकून देणंही नको. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये अभिनेता सुशांतसिंह राजपूत प्रकरणात वाहिन्यांचे कान उपटले, तो निकाल मिळवून वाच.

आपल्यासारखा पेपर काय उत्पात करू शकतो, हे बघायचं तर 'ब्लिट्झ'चे 1959 चे अंक वाच. संपादक करंजियांच्या त्या साप्ताहिकाने नौदल अधिकारी नानावटी यांना नायक केलं आणि त्यांनी गोळ्या घालून मारलेल्या पत्नीच्या प्रियकराला, आहुजाला, खलनायक. आहुजा तर मेलेला होता; त्याची बाजू मांडणार कोण? ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं, पुढे उच्च न्यायालयाने ते फिरवून जन्मठेप दिली. लिखाण म्हणून ते अंक झकास आहेत, हे मी नाकारणार नाही. वाचताना आहुजाच्या बहिणीच्या जागी बसून वाच.

जिवाचं बोलते. 'मिड-डे'चे गुन्हे वार्ताहर जे. डे यांना 11 जून 2011 रोजी पवईत भरदुपारी, भर रस्त्यात गोळ्या घातल्या. 2018 मध्ये टोळीप्रमुख छोटा राजनसह नऊ जणांना जन्मठेप झाली. त्याच खटल्यात आरोपी केलेल्या एका महिला पत्रकाराची निर्दोष सुटका झाली, पण त्याआधी ती तुरुंग भोगून आली होती. म्हणून, टोळीच्या माणसाशी बोलावं लागलंच तर मुख्य वार्ताहराला आधी सांगून बोल. भेटीची जागा तू ठरव. एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवू नकोस, साधा "फोन कर म्हणालेत" एवढाही नाही. पत्रकारांवरच्या हल्ल्यांसाठी राज्यात 2017 चा कायदा आहे. मार बसला तर तक्रारीत त्याचा उल्लेख करायला लाव, स्वतःहून क्वचितच कोणी घालतं.

पाकिटाबद्दल तुला सांगायला नको. तोडपाणी करणारे आपल्यातही आहेत आणि ते कोण हे पोलिसांना आपल्याआधी ठाऊक असतं. नेमणूकपत्र वाचून सही कर, पीएफ भरला जातोय का ते दरवर्षी बघ. 'आफ्टरनून' बंद पडला, 'मुंबई मिरर'चं 2020 अखेर साप्ताहिक झालं. चांगले, खपणारे पेपर होते ते. व्हिडिओ, इंग्रजी कॉपी, जे शिकता येईल ते पहिल्या दोन-तीन वर्षांत शिकून घे.

आणि वह्या रद्दीत घालू नकोस. पानावर तारीख, वेळ, कोण बोललं, समोर आणखी कोण होतं. खोडायचं झालं तर एक रेघ मार, पान फाडू नकोस. अब्रूनुकसानीची दिवाणी भरपाई वर्षभरात मागावी लागते, पण फौजदारी तक्रार तीन वर्षांपर्यंत येऊ शकते, आणि तोवर तू कदाचित दुसऱ्या पेपरात असशील. समन्स संपादकाबरोबर तुझ्याही नावाने निघतं. म्हणून राजीनामा देताना, तू तिथे असताना छापलेल्या बातम्यांवरचे खटले कंपनीचा वकील लढेल असं लेखी घे. हिशेबाचा चेक मिळायच्या आधी घे, नंतर तुझा फोन कोणी उचलणार नाही.