पाळीवरची फेरी : मातीचे छोटे धरण सुरक्षित आहे का, हे कसे पाहावे?



२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट धंतोली आणि सीताबर्डीकडची मंडळी सहज विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव सांडव्यावरून जोराने वाहू लागला आणि नाग नदी काठावरच्या वस्त्यांत शिरली. अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनीतील तळमजले बुडाले, मोरभवन स्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. १८७० च्या सुमाराची ती मातीची पाळ मात्र टिकली. सांडव्यापुढचा पाण्याचा मार्ग मोकळा आहे की नाही, हा वाद नंतर उच्च न्यायालयापर्यंत गेला.

त्यानंतर आपल्या काही देणगीदारांनी विचारले, "शहरात ही गत, तर आपण ज्या टोल्यांवर काम करतो तिथल्या बांधांचे काय?" प्रश्न रास्त आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात जुने मालगुजारी तलावच हजारोंनी आहेत. त्यांत नाल्याचा पूर अडवायला अलीकडे घातलेल्या मातीच्या बांधांची भर. मी पाटबंधाऱ्याच्या कामातून निवृत्त झालेला माणूस आहे. म्हणून संपादकांनी हा अभ्यासलेख माझ्याकडे सोपवला.

सुरुवात तिवऱ्यापासून करू. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. खालची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे गेली. धरण गळते आहे, हे गावकऱ्यांनी आधीच कळवले होते. पुढे तत्कालीन मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे सांगितले आणि राज्यभर त्यावर हसू झाले. मला मात्र हसू आले नाही. खेकडे, घुशी, साळिंदर यांची बिळे हा तपासणीच्या यादीतला नेहमीचा मुद्दा आहे. जी गोष्ट दरवर्षी बघायचीच असते, ती सापडली तर तो कामाचा भाग झाला. धरण फुटल्यावर ती कारण म्हणून सांगता येत नाही.

मातीची धरणे बहुतेक दोन वाटांनी जातात. एक, पाणी माथ्यावरून ओसंडते आणि कोरड्या बाजूची माती ओरबाडून नेते. दोन, पाणी आतून झिरपते आणि झिरपताना माती बरोबर नेते. बाकीची तपासणी या दोन गोष्टींभोवतीच फिरते.

म्हणून फेरी सांडव्यापासून सुरू करावी. आपल्याकडे जुन्या तलावांवर त्याला सलंग म्हणतात. सलंगेत झुडपे वाढलीत का? मासे अडवायला कोणी जाळी किंवा दगड लावलेत का? दोन पोती जास्त पाणी साठावे म्हणून कोणी तिची उंची वाढवली आहे का? हे शेवटचे फार वेळा दिसते, आणि हेतू चांगलाच असतो. पण सलंग एक हात वाढली की पाळीची सुरक्षितता तेवढीच कमी झाली.

मग माथा. पाळीची खरी उंची म्हणजे तिच्यावरच्या सर्वांत खोलगट जागेची उंची. जिथून बैलगाड्या चढतात-उतरतात किंवा जिथे भराव बसला आहे, तिथूनच पाणी पहिल्यांदा जाणार. ही जागा शोधायला महागडे यंत्र लागत नाही. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल पाइप आणि दोन काठ्या घेऊन तरुण मुले एका सकाळी सगळी पाळ मोजतात. सलंगेच्या पातळीपेक्षा ती खोलगट जागा किती वर आहे, तो आकडा वहीत लिहायचा.

पूर अडवणाऱ्या बांधाची आणखी एक गोष्ट आहे. तो वर्षातले बरेच महिने कोरडा असतो. काळ्या मातीचा असेल तर उन्हाळ्यात त्याला भेगा पडतात, बिळे होतात, कोणी पायथ्याची माती विटांसाठी नेतो. आणि एका रात्री तो एकदम भरतो. रोज पाण्याला टेकून असलेला तलाव आपले दुखणे हळूहळू दाखवतो, याला तेवढा अवधी मिळत नाही. म्हणून मेअखेरची फेरी चुकवू नये.

कोरड्या बाजूला रोपटी असतील तर ती लहान असतानाच उपटावीत. मोठे झाड मात्र अभियंत्याला विचारल्याशिवाय तोडू नये. झाड गेले तरी मुळे आतच राहतात, ती कुजतात आणि पाण्याला तयार नळ्या मिळतात.

आता पायथा. मातीचे धरण थोडे पाझरणारच, त्याने घाबरायचे नाही. पाझर किती आणि कसा, हे बघायचे. एका चरातून पाणी बादलीत घ्या, बादली भरायला किती वेळ लागला ते मोजा, आणि त्या दिवशी तलावातील पातळी किती होती तेही लिहा. पातळी तीच असताना पाझर मागच्या वर्षीपेक्षा वाढला, तर ती पहिली खूण. दुसरी खूण अधिक गंभीर. ते पाणी काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवा. तळाशी गाळ बसला, तर धरण आतून माती सोडत आहे.

इथे माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत गडचिरोलीकडच्या एका टोल्यावर मी पायथ्याचा पाझर चिकणमाती ठोकून बंद केला आणि "गळती थांबवली" असा शेरा लिहिला. पावसाळ्यात तो सहा फुटांवर पुन्हा निघाला. तिथली एक म्हातारी आजी म्हणाली, "भोक बुजवलं जी तुमी, पानी कुठं बुजवलं?" बरोबर होते तिचे. कोरड्या बाजूला पाझर कोंडायचा नसतो. आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठे दगड असा थर घालायचा, म्हणजे पाणी बाहेर येते आणि माती आत राहते.

तुडूम किंवा मोरी जिथे पाळीतून जाते, ती जागा सर्वांत नाजूक. पानशेत आठवा. १२ जुलै १९६१ रोजी ते धरण फुटले तेव्हा काम पुरे व्हायचे होते आणि पाणी साठले होते. मोरी अपुरी होती, तिच्यावरचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी दुसऱ्या दिवशी पुणे बुडाले.

धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आला. तो १५ मीटरहून उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधल्या ठरावीक धरणांना लागू आहे. त्यांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक आहे. आपले टोल्यावरचे बांध बहुधा त्याच्या बाहेर राहतात. पण धोका नुसत्या उंचीवर ठरत नाही. खाली कोण राहते, यावर ठरतो. रानात फुटलेला पाच मीटरचा बांध म्हणजे धानाचे नुकसान, आणि तोच बांध अंगणवाडीच्या वर असेल तर?

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टोकोआ फॉल्सच्या बायबल कॉलेजच्या वर केली बार्न्स नावाचे सुमारे १२ मीटर उंचीचे मातीचे धरण होते. त्याच्यावरची वीजनिर्मिती १९५७ मध्ये थांबली आणि उरला तो रमणीय तलाव. उतार तीव्र, त्यावर झाडे वाढलेली. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी रात्री दीडच्या सुमारास ते फुटले आणि ३९ जण गेले, त्यात बरीच मुले. तपास करणाऱ्यांना एकच असे कारण सांगता आले नाही. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी देशभरातील अशा धोकादायक धरणांच्या तपासणीचे आदेश दिले. ती संस्था आपल्यासारखीच, देणग्यांवर चालणारी आणि सद्हेतूची होती. नव्या बांधाला आपल्याकडेही देणगी मिळते, कोनशिला बसते. सलंग साफ करायला कोणी पैसे देत नाही, कारण त्यावर नाव कुठे लिहिणार?

वही टोल्यावरच्या शाळेत ठेवावी, आपल्या कार्यालयात नको. तिच्या पहिल्या पानावर एवढेच असावे : पाझर गढूळ दिसला तर दुरुस्ती नंतर. आधी तुडूम उघडून पाणी उतरवायचे, खालच्या घरांतली माणसे उंचावर न्यायची, मग तहसील कार्यालयाला कळवायचे. रात्री कोणी कोणाचे दार वाजवायचे, ती घरेही त्याच पानावर आधीच लिहून ठेवावीत.