ताटाबाहेरचे पारितोषिक

आपल्या देशात आनंदाची वार्ता रिकाम्या हाताने सांगण्याची रीत नाही. परीक्षेचा निकाल लागला की महाराष्ट्रात पेढे वाटले जातात, बंगालमध्ये संदेश पुढे येतो, दक्षिणेत पायस शिजते आणि उत्तरेकडील घरांत पाहुण्याच्या हातावर लाडू ठेवल्यावाचून बातमी पुरी झाली असे कोणाला वाटत नाही. ह्या रीतीत वावगे काहीच नाही. परंतु वजन कमी करण्याचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीपुढे ती एक विलक्षण पेच उभा करते. चार आठवडे नियमाने चालून आणि जेवणात प्रमाण राखून तिचे वजन दोन किलोग्रॅमने उतरते. घरात आनंद होतो. आणि तो व्यक्त करण्यासाठी घरापाशी गोड पदार्थाखेरीज दुसरी भाषाच नसते.

‘एका लाडवाने काय होणार आहे?’ असा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर अंकांत देता येते. चाळीस ग्रॅम वजनाच्या बेसनाच्या लाडवातून सुमारे २०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. सत्तर किलोग्रॅम वजनाचा मनुष्य अर्धा तास मध्यम वेगाने चालला, तर त्याची साधारणपणे १२० ते १५० किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. म्हणजे सकाळच्या फेरीचे बक्षीस म्हणून खाल्लेला लाडू त्या फेरीची कमाई तर संपवतोच, शिवाय थोडी उधारीही करून ठेवतो. तथापि हा हिशेब म्हणजे खरी अडचण नव्हे. आठवड्यातून एखादा लाडू कोणत्याही समंजस आहारात सामावून घेता येतो. प्रश्न आहे तो लाडू कोणत्या नात्याने ताटात आला हा. दिवाळीच्या फराळात सर्वांबरोबर खाल्लेला लाडू वेगळा आणि संयमाची मजुरी म्हणून घेतलेला लाडू वेगळा. दुसऱ्या प्रकारात आपण आपल्या मनाला असे शिकवीत असतो की, बेताने खाणे हे कष्ट असून भरपूर खाणे हा त्यांचा मोबदला आहे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उपवासापुरती खरी आहे असे समजण्याचे कारण नाही.

बक्षिसाने वर्तन बदलते ही गोष्ट मानसशास्त्राने फार पूर्वी दाखवून दिली आहे. एडवर्ड थॉर्नडाइक ह्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भुकेल्या मांजरांना पेटीत कोंडून बाहेर अन्न ठेवले होते. पेटीची कडी उघडण्यास ती हळूहळू शिकत गेली. पुढे बी. एफ. स्किनर ह्यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात ह्या विचाराची पद्धतशीर मांडणी केली. एखाद्या वर्तनामागोमाग जे मिळाल्यामुळे ते वर्तन पुन्हा घडण्याचा संभव वाढतो, त्याला मानसशास्त्रज्ञ ‘प्रबलक’ असे म्हणतात. ह्या प्रयोगांची एक बाजू मात्र सामान्य वाचकापर्यंत सहसा पोहोचत नाही. अन्न हे प्रभावी प्रबलक ठरावे म्हणून प्राण्यांना आधी उपाशी ठेवीत. प्रयोगातील कबुतरांचे वजन तर मुद्दाम घटवून ठेवण्याची प्रथा होती. पोट भरलेल्या प्राण्याला दाण्याचे आकर्षण फारसे उरत नाही. वजन घटवणाऱ्या मनुष्याची अवस्था काही अंशी त्या कबुतरासारखीच असते. अन्नाचे मोल त्याच्या दृष्टीने ह्याच काळात सर्वाधिक वाढलेले असते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज ह्यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून जो प्रयोग केला, त्यात ह्या तरुणांच्या मनात अन्नावाचून दुसरा विषय उरेना. काहीजण तर पाकशास्त्राची पुस्तके जमवू लागले. असा टोकाचा उपवास येथे अभिप्रेत नाही. परंतु भुकेल्या मनाला अन्नाचेच बक्षीस देणे म्हणजे नेमक्या त्याच ओढीला खतपाणी घालणे होय, हे त्यावरून ध्यानात येईल.

मग अन्नावाचून दुसरे काय द्यावे? ह्याचे फार मार्मिक उत्तर डेव्हिड प्रीमॅक ह्यांच्या १९५९ सालच्या एका साध्या प्रयोगात सापडते. त्यांनी पहिलीतील मुलांसमोर दोन यंत्रे ठेवली. एकातून गोळ्या-चॉकलेट मिळत असे, दुसरे चेंडूच्या खेळाचे होते. काही मुले खाण्यात अधिक रमली, काही खेळण्यात. जी खाण्यात रमली होती, ती खाऊ मिळावा म्हणून अधिक खेळू लागली, ह्यात नवल नाही. पण जी मुळात खेळात रमली होती, ती खेळायला मिळावे म्हणून अधिक खाऊ खाऊ लागली! बक्षिसाचे सामर्थ्य वस्तूत नसून ती करण्याच्या ओढीत असते, हे ह्यावरून दिसते. मनुष्य मोकळा असताना आपण होऊन जे वारंवार करतो, ते त्याचे खरे प्रबलक. म्हणून बक्षिसांच्या छापील याद्या आम्हाला फारशा उपयोगी वाटत नाहीत. आपण स्वतः एक आठवडाभर आपल्या मोकळ्या वेळाकडे पाहावे. कोणी वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडल्यावाचून उठत नाही, कोणी जुन्या गाण्यांत रमतो, कोणी शेजारच्या मित्राशी बुद्धिबळ मांडून बसतो. ती गोष्ट बंद करावयाची नाही, केवळ तिचा क्रम बदलावयाचा: आधी चालणे, मग बुद्धिबळ.

घरातील स्त्रीच्या बाबतीत ही पाहणी करू गेल्यास वेगळीच अडचण येते. पुष्कळ घरांत तिला मोकळा वेळच नसतो, आणि दिवसभरात तिच्या वाट्याला येणारा एकमेव विसावा म्हणजे दुपारचा चहा व त्याबरोबरची फरसाणाची बशी. ती बशी काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच ठेवले नाही, तर तिचा विसावाच काढून घेतल्यासारखे होते. आहाराचे कोष्टक लिहून देणाऱ्यांच्या हे क्वचितच लक्षात येते. अशा स्त्रीला द्यावयाचे सर्वोत्तम बक्षीस विकत मिळत नाही. अर्धा तास कोणी तिला हाक मारणार नाही आणि त्या वेळात स्वयंपाकघर दुसरे कोणीतरी सांभाळील, एवढी व्यवस्था घराने करावी. त्या वेळात तिने वाचावे, विणकाम करावे किंवा नुसते पडून राहावे. हे बक्षीस कुटुंबाच्या सहकार्यावाचून शक्य नाही, हे उघड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया अतिरिक्त वजनाच्या किंवा स्थूल आढळल्या, हे लक्षात घेता ही केवळ एखाद्या घराची बाब राहत नाही.

बक्षीस कशाबद्दल द्यावयाचे, हा प्रश्न बक्षीस कोणते ह्याहून महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक ते काट्यावरील आकड्याला देतात. परंतु हा आकडा लहरी असतो. शरीरातील पाणी, जेवणातील मीठ, कोठ्याची स्थिती, स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळी ह्यांमुळे वजन एकदोन दिवसांत एक ते दोन किलोग्रॅमने खालीवर होऊ शकते. आहार कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात जे वजन झपाट्याने उतरते, त्यातील बराच भाग पाण्याचा असतो, कारण शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनबरोबर पाणीही बाहेर पडते. आकड्याला बक्षीस देणारा मनुष्य पहिल्या आठवड्यात कारणाशिवाय खूश होतो आणि तिसऱ्या आठवड्यात दोष नसताना खट्टू होतो. ह्याउलट, ‘आज मी चाळीस मिनिटे चाललो’ किंवा ‘रात्री दुसऱ्यांदा भात घेतला नाही’ ही गोष्ट सर्वस्वी आपल्या हातची आहे. बक्षीस तिला द्यावे आणि त्याच दिवशी द्यावे. अतिखाण्याचा आनंद तत्काळ मिळतो व त्याचे दुष्परिणाम मात्र फार उशिरा येतात, ही अतिखाण्याच्या सवयीची मूळ गोम सी. बी. फर्स्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ सालीच दाखवून दिली होती. सहा महिन्यांनी घ्यावयाच्या रेशमी साडीचे स्वप्न समोरच्या भज्यांपुढे फार वेळ टिकत नाही.

रोजच्यासाठी म्हणूनच क्षुल्लक वाटणारी साधने अधिक उपयोगी पडतात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर एक फुली मारावी. चालून आल्यावर एका डब्यात पाच रुपयांचे नाणे टाकावे. त्यातून महिन्याअखेरीस एखादे पुस्तक घ्यावे किंवा नाटकाचे तिकीट काढावे. मोठ्या टप्प्यावर शिंप्याकडे जावे, हा आमच्या दृष्टीने सर्वांत समाधानाचा भाग. सैल झालेली विजार किंवा ब्लाऊज आत घेऊन शिवून घेण्याला खर्च थोडा येतो, तो कपडा रोज अंगाला जाणवतो, आणि वजन पुन्हा वाढू लागले तर काट्याच्या आधी तोच सांगतो. मात्र पुढे बारीक झाल्यावर घालू म्हणून आज घट्ट कपडे घेऊन ठेवू नयेत. कपाटात लटकणारा तो कपडा बक्षीस न राहता रोजचा ठपका होऊन बसतो.

बाहेरच्या बक्षिसाला मर्यादा आहेत, हेही सांगितले पाहिजे. फिलाडेल्फियातील ५७ स्थूल व्यक्तींवर केलेल्या एका प्रयोगात वजन घटविल्याबद्दल पैसे मिळण्याची सोय केली होती. त्याचा वृत्तांत २००८ साली प्रसिद्ध झाला. सोळा आठवड्यांत पैसे मिळणाऱ्या गटांचे वजन सरासरी सहा किलोग्रॅमच्या आसपास उतरले, इतरांचे दोन किलोग्रॅमहून कमी. परंतु पैसे बंद झाल्यानंतर काही महिन्यांनी पाहिले, तेव्हा बरेचसे वजन परत आले होते आणि गटांमधील फरक निश्चयाने सांगण्याजोगा राहिला नव्हता. तेव्हा बक्षीस हे मुलाला सायकल शिकविताना मागे धरलेल्या हातासारखे असावे. चालण्याचीच गोडी लागली, सोबतीला मित्र मिळाले, जिना चढताना दम लागेनासा झाला, की नाण्यांचा डबा आपोआप विस्मृतीत जातो, जाऊ द्यावा. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आहारात बदल करण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा, कारण त्यांच्या बाबतीत औषधाची मात्राही बदलावी लागते.

राहता राहिला आग्रहाचा प्रश्न. ताटात वाढू पाहणारी मावशी किंवा आजी प्रेमाने वाढत असते. तिला कॅलरींचा हिशेब सांगणे उद्धटपणाचे दिसते आणि निष्फळही ठरते. त्याऐवजी तिच्याकडे दुसरे काही मागावे. ‘मावशी, लाडू नको, उद्या सकाळी माझ्याबरोबर देवळापर्यंत चालायला या,’ असे म्हटले तर प्रेमाला वाट मिळते आणि सोबतही मिळते.

हाच विचार मुलांच्या बाबतीत अधिक आधी करावयास हवा. लीॲन बर्च व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, जो खाद्यपदार्थ बालवाडीतील मुलांना बक्षीस म्हणून दिला गेला, त्याची आवड त्यांच्यात वाढली. अभ्यास पुरा केल्याबद्दल चॉकलेट देणारे पालक मुलाला अभ्यासाची गोडी लावतात की चॉकलेटची, हे त्यांनीच पाहावे. मुलाचे वजन उतरल्याबद्दल तर त्याला कसलेच बक्षीस देऊ नये. वाढत्या वयात वजनाकडे पाहणे हे डॉक्टरांचे काम आहे. संध्याकाळी मैदानावर तासभर अधिक खेळू देणे हे त्याच्या लेखी कोणत्याही खाऊइतकेच मोठे असते, आणि पहिलीतल्या त्या मुलांनी तेच दाखवून दिले होते.