उरलेल्या कीडनाशकांचे सुरक्षित संकलन आणि विल्हेवाट

भारतातील कीडनाशक निर्मितीचा आरंभ १९५२ मध्ये कोलकात्याजवळील रिश्रा येथे झाला. हुगळी नदीकाठी तेथे बीएचसीचा कारखाना उभा राहिला आणि पुढील चार दशकांहून अधिक काळ या भुकटीची धुरळणी देशभरातील पिकांवर होत राहिली. १९९७ मध्ये तिच्यावर बंदी आली. ऑगस्ट २०१८ च्या केंद्रीय आदेशाने आणखी अठरा कीडनाशके या यादीत गेली. त्यांपैकी मिथाइल पॅराथिऑनसह बारांवर तत्काळ बंदी आली, तर फोरेट, डायक्लोरव्हॉस, फॉस्फामिडॉन, ट्रायझोफॉस यांसह सहांचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून थांबला.

बंदीमुळे दुकानातील विक्री थांबते. शेतकऱ्याच्या माळ्यावर किंवा गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेली अर्धी पिशवी मात्र तेथेच राहते. तिचे पुढे काय करावे, हे सांगणारी व्यवस्था आपल्याकडे अद्याप पुरेशी उभी राहिलेली नाही.

कीडनाशक उरते कसे?

शेतकरी जाणूनबुजून साठा करतोच असे नाही. आवश्यकता दोनशे मिलिलिटरची असते आणि हाती अर्ध्या लिटरची बाटली येते. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडण्यापूर्वीच औषध आणून ठेवले जाते. नंतर पाऊस लांबतो, मित्रकीटकांमुळे कीड आटोक्यात येते किंवा पीकच बदलते. यासाठी विल्हेवाटीचा पहिला उपाय खरेदीच्या वेळीच करावयाचा असतो. निरीक्षणानंतर, क्षेत्राचा हिशेब करून, एका हंगामापुरतेच कीडनाशक घ्यावे.

जुने औषध निष्प्रभ नव्हे

मुदत संपलेल्या औषधातील जोर गेला, म्हणजे धोकाही गेला, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. १९७६ मध्ये पाकिस्तानात हिवताप नियंत्रणासाठी मॅलॅथिऑन फवारणाऱ्या सुमारे ७,५०० कामगारांपैकी सुमारे २,८०० जणांना विषबाधा झाली आणि पाच जण दगावले. मॅलॅथिऑन हे सस्तन प्राण्यांसाठी तुलनेने कमी विषारी मानले जाते. कारण शरीरातील विकरे त्याचे विघटन करतात. परंतु त्या भुकटीत साठवणुकीच्या काळात आयसोमॅलॅथिऑन तयार झाले होते आणि हे द्रव्य नेमकी तीच विकरे निकामी करते. सदोष मिश्रण आणि उष्ण साठवण यांमुळे कीटकांवरील परिणाम न वाढताही माणसावरील विषारीपणा वाढू शकतो, हा या घटनेचा धडा होय.

धान्य साठवणीतील ॲल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. हवेतील ओलाव्याशी संपर्क येताच त्यांतून फॉस्फीन हा अतिविषारी वायू निघतो. त्यामुळे अशा गोळ्या कधीही पाण्यात टाकू नयेत, धुऊ नयेत आणि राहत्या घरात ठेवू नयेत.

डबा बदलला की ओळख हरवते

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील धर्मासती गंडामन येथील शाळेत मध्यान्ह भोजनानंतर २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. ते तेल कीडनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलेले असल्याचे समोर आले. याउलट प्रकारही तितकाच घातक असतो. उरलेले औषध पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ओतले की लेबल नाहीसे होते आणि त्याबरोबर विषाचे नाव, विषारीपणा दर्शविणारा रंगीत त्रिकोण व उताऱ्याची माहितीही हरवते. विषबाधेच्या प्रसंगी डॉक्टरांना सर्वप्रथम हीच माहिती हवी असते.

कायदा काय सांगतो?

कीटकनाशक नियम, १९७१ मधील नियम १०-अ नुसार परवानाधारकाने मुदतबाह्य साठा वेगळा काढून, त्यावर तसा शिक्का मारून, फलक लावलेल्या स्वतंत्र जागी ठेवावयाचा असतो. नियम ४४ नुसार वापरलेली वेष्टने, उरलेले द्रव्य आणि धुवण यांची विल्हेवाट हवा व पाणी दूषित होणार नाही अशा रीतीने लावणे हे उत्पादक, मिश्रणकर्ते आणि फवारणी करणारे यांचे कर्तव्य आहे. वेष्टने फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असेही त्यात म्हटले आहे. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनी मुदतबाह्य कीडनाशकांची गणना घातक कचऱ्यात केली आहे.

या तरतुदींत कारखानदार आणि विक्रेता यांचा मार्ग बऱ्यापैकी स्पष्ट आहे. शेतकऱ्याने आपली अर्धी बाटली कोणाकडे द्यावी, हे मात्र त्यांतून कळत नाही.

पुरणे आणि जाळणे योग्य का नाही?

हुगळीच्या खोऱ्यात भूजल अनेक ठिकाणी अगदी उथळ असते आणि घरापुढील तळे, म्हणजे पुकुर, आंघोळ, भांडी व मासे या सर्वांसाठी वापरले जाते. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ क्षेत्रात, ज्याचा २००२ मध्ये रामसर यादीत समावेश झाला, शहराच्या सांडपाण्यावर मत्स्यशेती चालते. सायपरमेथ्रिनसारखी कृत्रिम पायरेथ्रॉइड कीटकनाशके माशांना अत्यल्प मात्रेतही मारक ठरतात. महाराष्ट्राची जमीन वेगळी असली तरी निर्धास्त राहण्याजोगी नाही. काळ्या पाषाणाच्या भेगांमधून झिरपणारे पाणी थेट विहिरीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून उरलेले औषध पुरणे दोन्ही प्रदेशांत टाळावे.

उघड्यावर जाळणेही तितकेच अयोग्य आहे. कीडनाशक नष्ट करण्यासाठी दाहक भट्टीत सुमारे ११०० अंश सेल्सिअस तापमान किमान दोन सेकंद टिकवावे लागते. बांधावरील आगीत एवढी उष्णता निर्माण होत नाही. क्लोरीनयुक्त द्रव्यांपासून डायॉक्सिनसारखे घातक पदार्थ मात्र तयार होऊ शकतात.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

रिकामा डबा आणि उरलेले औषध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली शेतावर बऱ्याच अंशी सुरक्षित करता येते. दुसरी करता येत नाही.

१. द्रवरूप औषधाचा डबा रिकामा होताच त्रिवार धुवावा. डबा पंपात पूर्ण निथळू द्यावा, एक चतुर्थांश पाणी भरून झाकण लावावे, अर्धा मिनिट हलवावे आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे. ही कृती तीन वेळा करावी.
२. धुतलेल्या डब्याला छिद्रे पाडावीत, परंतु लेबल फाडू नये. असे डबे वेगळ्या पोत्यात साठवावेत. भंगारात विकू नयेत.
३. पंपात उरलेले फवारणीचे द्रावण त्याच पिकाच्या न फवारलेल्या पट्ट्यावर, शिफारशीच्या मात्रेतच संपवावे. पंप नाल्यात, विहिरीजवळ किंवा तळ्यात धुऊ नये.
४. उरलेले मूळ औषध त्याच्याच डब्यात, घट्ट झाकणासह, कुलूपबंद व हवेशीर जागी ठेवावे. अन्न, चारा आणि बियाणे यांपासून ते दूर असावे.
५. दोन औषधे एकत्र करू नयेत. गळका डबा हातमोजे घालून मोठ्या, झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवावा आणि सांडलेला भाग कोरड्या मातीने शोषून घ्यावा. ती मातीही औषधासमवेतच जपून ठेवावी.
६. बंदी आलेले किंवा मुदत संपलेले औषध ‘संपवण्यासाठी’ फवारू नये.

संकलनाची व्यवस्था कशी असावी?

ब्राझीलमध्ये २००० सालच्या कायद्याने जबाबदारीची वाटणी केली. शेतकऱ्याने डबा धुऊन सामान्यतः वर्षभरात परत करावयाचा, परत देण्याचे ठिकाण विक्रेत्याने पावतीवरच नमूद करावयाचे आणि तेथून पुढील वाहतूक व प्रक्रिया उत्पादकांनी करावयाची. त्यामुळे तेथे पिकांवरील औषधांच्या प्राथमिक प्लास्टिक डब्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक डबे परत येतात.

आपल्याकडेही घातक कचऱ्यावरील प्रक्रियेच्या सुविधा अस्तित्वात आहेत. पश्चिम बंगालमध्ये हल्दिया, तर महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे त्या कार्यरत आहेत. उणीव आहे ती गाव आणि अशी सुविधा यांमधील दुव्याची. हंगाम संपल्यावर तालुक्यात वर्षातून एकदा संकलन दिवस ठरवता येईल. त्यापूर्वी ग्रामपंचायतीने घरोघरच्या साठ्याची नाव, प्रमाण आणि डब्याची स्थिती यांसह यादी करावी. कृषी विभागाने प्रशिक्षित व्यक्तींकडून वर्गीकरण करून घ्यावे. ॲल्युमिनिअम फॉस्फाइड आणि ओळख न पटलेली औषधे वेगळी ठेवावीत. पुढील वाहतूक प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकृत केलेल्या वाहनातूनच व्हावी. औषध आणून देणाऱ्यास ‘हे तुमच्याकडे कसे?’ असा प्रश्न विचारला जाऊ नये. दंडाची भीती असेल तर फोरेटची पिशवी केंद्रावर येणार नाही. ती रात्री नाल्यात जाईल.

समारोप

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधांनंतर हातमोजे, मुखपट्टी आणि संरक्षक कपडे यांविषयी बरीच जागृती झाली. फवारणी संपल्यानंतरचा टप्पा अजून तितका विचारात घेतला गेलेला नाही. संकलनाची व्यवस्था उभी राहीपर्यंत प्रत्येक शेतकरी कुटुंबाने या आठवड्यात एक काम करावे : घरातील सर्व औषधे बाहेर काढून त्यांची यादी करावी, मुदतबाह्य डबे वेगळे ठेवावेत आणि ती यादी कृषी सहायकाकडे द्यावी. कोणत्या गावात किती विष पडून आहे हे ठाऊक झाल्याशिवाय ते उचलण्याची योजना आखता येणार नाही.