शील्ड : ढाल, कवच की आवरण?

‘शील्ड’ हा शब्द तुम्हांला खेळाच्या मैदानावरून परिचित आहे. मुंबईतील शालेय क्रिकेटची ‘हॅरिस शील्ड’ प्रसिद्धच आहे. अशा बक्षिसाला आपण ‘फिरती ढाल’ म्हणतो. शब्दाचा मूळ अर्थही ढाल हाच. पण पदार्थविज्ञानात तेवढ्यावर भागत नाही.

ढाल एका बाजूचा मारा अडवते. वेल्डिंग करणारा कारागीर तोंडापुढे काळी काच धरतो, ती अशी ढाल होय. ती अतिनील किरण व डोळे दिपवणारा प्रकाश थोपवते.

कवच चहूबाजूंनी वेढते. मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली १२ फूट लांबी-रुंदी-उंचीचा पिंजरा तारा व धातूच्या वर्खाने मढवला, त्याला बाहेरून जोरदार विद्युतभार दिला आणि स्वतः आत बसले. आतल्या विद्युतदर्शीवर काहीच परिणाम झाला नाही! धातूच्या छताच्या बंद मोटारीत विजेपासून संरक्षण मिळते ते याच तत्त्वाने, रबरी टायरांमुळे नव्हे.

किरणोत्सर्गासाठी ‘रोधक आवरण’ म्हणणे योग्य. क्ष-किरण विभागातील अ‍ॅप्रनची रोधकता साधारणतः ०.२५ ते ०.५ मिलिमीटर शिशाइतकी असते. कोबाल्ट-६० चे निम्मे गॅमा किरण अडवायलाच मात्र सुमारे १२ मिलिमीटर शिसे लागते. तेथे तो अ‍ॅप्रन जवळजवळ निरुपयोगी!

म्हणून ‘शील्ड’ शब्द दिसला की आधी विचारा : संरक्षण कशापासून? त्याचे उत्तर मिळाल्याखेरीज योग्य प्रतिशब्दही सापडणार नाही आणि सुरक्षितताही लाभणार नाही.