खोटं घर खरं कसं दिसेल?

नव्या बंगल्यांच्या स्कीमची जाहिरात आठवा. निळंशार आकाश, हिरवंगार लॉन, पांढरीशुभ्र भिंत, दारात चकचकीत गाडी. सगळं एकदम झक्कास! तरी एका नजरेत कळतं, की हे कॉम्प्युटरवर केलेलं आहे. कारण आपण जन्मापासून ऊन-सावली बघत आलोय. चूक डोळ्याला लगेच सापडते, फक्त बोट कुठे ठेवायचं ते कळत नाही. ते बोट कुठे ठेवायचं, त्यासाठी हा लेख.

मी ब्लेंडर वापरते. ते फुकट आहे, २००२ पासून ओपन सोर्स आहे आणि होस्टेलच्या साध्या लॅपटॉपवरही (हळूहळू का होईना) चालतं. पण खालचे फंडे कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू पडतात.

१. आधी सूर्य, मग बाकीचं

बहुतेक जण सूर्य 'छान दिसेल तिथे' ठेवतात. पण सूर्य आपल्या मर्जीने उगवत नाही. जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ टाका. स्केचअपमध्ये ही सोय आहे, ब्लेंडरमध्ये सन पोझिशन नावाचं एक्स्टेन्शन आहे.

उदाहरण देते. माझा मामा साताऱ्याला घर बांधतोय. हॉलला पश्चिमेकडे २.१ मीटर उंचीचं काचेचं सरकतं दार, वर ६० सेंटिमीटरचा छज्जा. साताऱ्याचे अक्षांश साधारण १७.७ उत्तर. एप्रिलच्या मध्यात दुपारी साडेचारला तिथे सूर्य जवळजवळ बरोबर पश्चिमेला असतो आणि क्षितिजापासून सुमारे ३२ अंश वर. आता अकरावीची ट्रिग्नॉमेट्री : ६० गुणिले टॅन ३२, म्हणजे जेमतेम ३८ सेंटिमीटर सावली. बाकी सगळ्या काचेवर ऊन! हेच दार दक्षिणेला असतं तर? डिसेंबरच्या २१ तारखेला भर मध्यान्ही सूर्य सुमारे ४९ अंशांवर असतो, म्हणजे तोच छज्जा ६९ सेंटिमीटर सावली देतो.

मामाला मी आकडे सांगितले तेव्हा तो नुसता "बरं" म्हणाला. रेंडर दाखवल्यावर मात्र गप्प झाला. सोफ्यावर पडलेलं ऊन त्याला दिसलं ना! आता तिथे दोन मीटरचा व्हरांडा येतोय.

आणखी एक. आपलं घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशाचं आहे आणि सातारा ७४ च्या आसपास. म्हणून तिथली खरी मध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर सुमारे अर्ध्या तासाने होते. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य तिथे चक्क उत्तरेकडे झुकलेला असतो. परदेशी ट्युटोरियल बघून सूर्य कायम दक्षिणेला ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

२. सावलीची कड

सूर्य म्हणजे बिंदू नाही. आकाशात तो सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो (०.५३ म्हणा). त्यामुळे सावलीची कड लांब गेली की पसरते. हिशोब सोपा : वस्तूपासून सावलीपर्यंतचं अंतर भागिले १०८. एक मीटरवर कड ९ मिलिमीटर पसरते, दहा मीटरवर ९ सेंटिमीटर. खिडकीच्या ग्रिलची सावली धारदार आणि गच्चीच्या कठड्याची अंगणातली सावली मऊ, हे यामुळे. सन लाइटमध्ये अँगल नावाचा आकडा असतो. तो शून्य केला, की सगळ्या सावल्या ब्लेडने कापल्यासारख्या दिसतात.

आणि सावली काळी नसते. उघड्या सावलीत निळ्या आकाशाचा उजेड येतो, म्हणून ती किंचित निळसर असते.

३. पांढरा म्हणजे किती पांढरा?

जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये 'रेंडरिंग इक्वेशन' मांडलं. त्याचा भावार्थ एवढाच, की एखाद्या ठिकाणाहून डोळ्याकडे येणारा उजेड म्हणजे तिथून निघणारा उजेड अधिक सगळीकडून येऊन परतणारा उजेड. परतणारा उजेड आलेल्यापेक्षा जास्त असू शकत नाही. पण भिंतीला २५५, २५५, २५५ रंग दिला, की आपण सांगतो, 'ही भिंत सगळाच्या सगळा उजेड परत करते.' अशी भिंत जगात नाही. चांगला पांढरा रंगसुद्धा साधारण ८० टक्के परत करतो, म्हणजे २३१ च्या आसपासचा आकडा. तसंच डांबरी रस्ता शून्य काळा नसतो. ही एक दुरुस्ती केली, तरी अर्धा प्लॅस्टिकपणा जातो.

४. काच

दिवसा बाहेरून बघितलं तर खिडकी काळपट दिसते. बाहेर भर उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, खोलीत काही शे. आणि काच समोरून प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्केच उजेड परावर्तित करते, पण तिरकं बघत गेलं की ती आरसा होते. यालाच फ्रेनेल इफेक्ट म्हणतात. तेव्हा काचेला परावर्तित करायला काहीतरी द्या : समोरची झाडं, शेजारची इमारत, ढग. आणि आत निदान पडदे लावा. रिकाम्या खोलीचं घर भुताचं वाटतं.

५. कड, वीट, डाग

खऱ्या जगात सुरीसारखी कड नसते. गिलाव्याचा कोपरा दोन-पाच मिलिमीटर गोल असतोच आणि त्या गोलाईवर उन्हाची बारीक रेघ चमकते. त्यासाठी बेव्हल द्या. विटांचं टेक्स्चर लावलं, तर थर मोजा. आपली मॉड्युलर वीट १९० × ९० × ९० मिलिमीटर, सांध्यासह थर १०० मिलिमीटरचा. तीन मीटरच्या भिंतीत ३० थर आले पाहिजेत. सतरा आले, तर ती भिंत राक्षसाने बांधलेली दिसेल.

आता डाग. खिडकीबाहेर डोकावून होस्टेलची भिंत बघा. सिलच्या दोन्ही टोकांखाली ओघळ, गळक्या पाइपाशेजारी शेवाळ, जोत्यालगत पावसाने उडवलेल्या मातीचे शिंतोडे, गच्चीवर काळी टाकी, दोरीवर टॉवेल. प्रत्येक डागाला कारण आहे आणि ते कारण बहुधा पाणी. म्हणून डाग कुठेही शिंपडू नका. पाणी कुठून वाहील याचा विचार करा. नव्या घराला फार नकोत, पण थोडे हवेतच.

६. कॅमेरा

कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, दीड-पावणेदोन मीटरवर ठेवा. भिंतीच्या उभ्या रेघा उभ्याच राहू द्या. कॅमेरा वर न उचलता लेन्सचा शिफ्ट वापरा. लेन्स २४ ते ३५ मिलिमीटर पुरे.

७. दाणे

रेंडरमधले दाणे सॅम्पल्सच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतात. दाणे निम्मे करायचे तर वेळ चौपट! म्हणून आधी छोट्या आकारात उजेड जमवा, डीनॉइझर लावा आणि मोठं रेंडर मेसला जाताना सुरू करा.

खरं आणि खरं वाटणारं

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. वरचं सगळं जमलं, की आपल्या हातात एक ताकद येते. अठरा मिलिमीटरची लेन्स लावली, की दहा फुटांचं अंगण मैदान होतं. शेजारची सात मजली इमारत डिलीट केली, की हॉलमध्ये ऊन येतं. अशा चित्रावर विश्वास ठेवून कुणी वीस वर्षांचं कर्ज काढतो. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ याचसाठी आहे : जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचं नुकसान झालं तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते, आणि ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासकट परत करावे लागतात. कायदा बिल्डरला धरतो, पण माऊस आपल्या हातात असतो.

म्हणून माझा साधा नियम : सूर्य खऱ्या जागी, शेजारी खऱ्या उंचीचे, झाडं लावल्या दिवशी जेवढी असतील तेवढी. मग चित्र कमी सुंदर झालं तरी चालेल. मामाच्या घराचं तसं झालं, आणि त्यातूनच त्याला व्हरांडा मिळाला.

या रविवारी आपल्याच होस्टेलचं एक रेंडर करून बघा. टॉवेल विसरू नका!