अनाहूत जाहिरात-पत्रे आणि लहान संकेतस्थळांचे चालक

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील भंडारदरा परिसरात, पावसाळ्याच्या तोंडावर काजव्यांचा हंगाम सुरू होतो आणि मुंबई, पुणे, नाशिक येथून पर्यटकांची रीघ लागते. तंबूनिवास व घरगुती भोजनाची व्यवस्था करणारे तेथील व्यावसायिक आता संकेतस्थळावरून नोंदणी स्वीकारू लागले आहेत. शेतकरी उत्पादक कंपन्या, बचतगट, शाळा, ग्रामपंचायती, तसेच स्वतः तयार केलेले शैक्षणिक साहित्य विनामूल्य उपलब्ध करून देणारे शिक्षक यांचीही अशी लहान संकेतस्थळे आहेत. संकेतस्थळावर ईमेलचा पत्ता प्रसिद्ध झाला की थोड्याच दिवसांत अनोळखी पत्रांचा ओघ सुरू होतो. आपले संकेतस्थळ सदोष आहे, ते गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो, आपल्या नावाची मुदत संपत आहे, आमचा लेख छापल्यास मोबदला देऊ, अशा आशयाची ही पत्रे असतात.

शासकीय व निमशासकीय कामकाजाची सवय असलेल्या व्यक्तीची येथे एक विशेष अडचण होते. आलेल्या प्रत्येक टपालाची आवक नोंदवहीत नोंद व्हावी आणि त्यावर कार्यवाही व्हावी, हा आपला शिरस्ता. २००५ च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार कोणतीही फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित ठेवता येत नाही. नागरिकांच्या अर्जांच्या बाबतीत ही शिस्त योग्यच होय. अनाहूत जाहिरात-पत्रांच्या बाबतीत मात्र उत्तर देण्याची हीच तत्परता अंगाशी येते.

पत्र येते कोठून?

अशा पत्रांचा इतिहास इंटरनेटच्या सार्वत्रिक प्रसाराहूनही जुना आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या एका विक्री अधिकाऱ्याने आर्पानेट या तत्कालीन जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना आपल्या नव्या संगणकाची जाहिरात एकाच वेळी पाठविली. त्याबद्दल त्याला समज देण्यात आली; तथापि त्या पत्रामुळे कंपनीला ग्राहकही मिळाले, आणि पुढील सर्व अनर्थाचे मूळ यातच आहे. टपालाने हजार पत्रके पाठवावयाची तर हजार तिकिटे लागतात. ईमेलला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. लाखात दोघांनी उत्तर दिले तरी पाठविणाऱ्याचे भागते.

पत्ते गोळा करण्याचे काम माणसे करीत नाहीत. स्वयंचलित प्रणाली संकेतस्थळांची पाने चाळून त्यांवरील पत्ते टिपतात. संकेतस्थळाच्या सुरक्षिततेसाठी घेतलेल्या डिजिटल प्रमाणपत्राची नोंद सार्वजनिक सूचीत होते. त्यामुळे नवे संकेतस्थळ निघाल्याची वार्ता तात्काळ पसरते. म्हणून पत्रात आपल्या संकेतस्थळाचे नाव अचूक आले, एवढ्यावरून कोणी ते पाहिले असेल असे मानण्याचे कारण नाही. प्राथमिक शाळेच्या संकेतस्थळाला ‘आपल्या मालाची विक्री दुप्पट करू’ असे आश्वासन मिळते ते यामुळेच.

‘नको’ असे कळविले तरी उत्तर ते उत्तरच. पत्ता चालू आहे आणि पत्रे वाचणारी व्यक्ती तेथे आहे, ही माहिती त्यातून पाठविणाऱ्यास मिळते, व असा पत्ता यादीत अधिक मोलाचा ठरतो. काही पत्रांत तर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म चित्र असते. ते उघडताच पत्र वाचले गेल्याची वर्दी जाते. पत्रांतील चित्रे आपोआप न दाखविण्याची सोय ईमेलच्या सेटिंगमध्ये असते. तिचा उपयोग करावा.

तीन प्रकार

पहिल्या पानावर आणून देण्याचे आश्वासन हा सर्वांत सामान्य प्रकार. शोधनिकालात पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट केले आहे. भंडारदऱ्याच्या तंबूचालकाने या आश्वासनावर पैसे घालविण्यापेक्षा गूगलच्या नकाशावर आपल्या व्यवसायाची विनामूल्य नोंद करून तीत योग्य दूरध्वनी क्रमांक, रस्ता, दर व अलीकडील छायाचित्रे ठेवावीत. ग्राहक बहुधा तेथूनच येतो.

दुसरा प्रकार शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. ‘आपल्या संकेतस्थळावर आमचा एक लेख व एक लिंक ठेवा, मोबदला देऊ’ असे पत्र येते. लेख निरुपद्रवी असतो. लिंक मात्र पुष्कळदा सट्ट्याच्या किंवा कर्जाच्या संकेतस्थळाची निघते. शोधनिकालातील क्रम वाढविण्यासाठी पैसे घेऊन लिंक देणे गूगलच्या धोरणाविरुद्ध आहे आणि त्यामुळे आपलेच संकेतस्थळ शोधात मागे पडू शकते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांच्या जाहिरातींवर बंदी घालण्याची तरतूद २०२५ च्या केंद्रीय अधिनियमात आहे. शिवाय जिल्हा परिषदेच्या सेवेतील शिक्षकास वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय खाजगी व्यवसाय करता येत नाही. वर्षानुवर्षे खपून उभारलेले अध्यापनसाहित्य काही शे रुपयांसाठी सट्टेबाजाच्या दारात नेऊन ठेवावे, हे पटण्यासारखे नाही.

तिसरा प्रकार देयकाच्या रूपात येतो. ‘अंतिम सूचना’ असा मथळा, आपल्या संकेतस्थळाचे नाव, मुदतीचा दिनांक आणि रक्कम. बारीक अक्षरांत मात्र लिहिलेले असते की ही रक्कम नावाच्या नूतनीकरणाची नसून शोधयंत्रात नोंद करून देण्याच्या सेवेची आहे. ‘आपल्याच नावाची चीनमध्ये कोणी नोंदणी करू पाहत आहे, आपण त्वरित घ्या’ असे बजावणारी पत्रेही याच जातीची.

खरी हानी

अशा देयकाचे पैसे भरणे हे नुकसान खरेच. पण त्याहून मोठे नुकसान आहे ते खऱ्या सूचनेकडे दुर्लक्ष होण्याचे. डॉट कॉमसारख्या नावांच्या नोंदणी संस्थांवर मुदतीपूर्वी सुमारे एक महिना व सुमारे एक आठवडा अशी दोनदा सूचना देण्याचे बंधन आहे. दहा खोट्या सूचनांना कंटाळलेला चालक अकरावी खरी सूचनाही पुसून टाकतो. मुदत उलटल्यावर काही काळ नाव परत मिळविता येते. पुढे नाव रद्द झाल्यावरचा तीस दिवसांचा अवधी असतो, त्यात शुल्क बरेच अधिक पडते. त्यानंतर ते नाव कोणीही घेऊ शकतो. पूर्वी शाळेचे असलेले नाव उघडावे आणि तेथे जुगाराची जाहिरात दिसावी, असे यातूनच घडते. पाठ्यपुस्तकांच्या वह्यांत आणि पालकांच्या मोबाईलमध्ये जुना पत्ता तसाच राहिलेला असतो.

यावर उपाय साधा आहे. संकेतस्थळाचे नाव कोणत्या संस्थेकडे नोंदविले, मुदत केव्हा संपते, होस्टिंग कोणाकडे आहे, खाते कोणत्या ईमेलवर आहे, या चार गोष्टी एका नोंदवहीच्या पानावर लिहून ठेवाव्यात. सूचना आली की पत्रातील लिंक न दाबता नोंदवही उघडावी, आणि पैसे भरावयाचे असल्यास स्वतः त्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन भरावेत. मग पत्र खरे की खोटे, हा प्रश्नच उरत नाही.

कायदा काय म्हणतो

कायद्याचे संरक्षण याबाबतीत तोकडे आहे. त्रासदायक किंवा उगमाबाबत दिशाभूल करणाऱ्या ईमेलना लागू पडणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम व्यापारी दूरध्वनी आणि लघुसंदेश यांच्यापुरते आहेत. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम ज्याने आपली माहिती स्वतः सार्वजनिक केली तिला लागू होत नाही, आणि संकेतस्थळावरील पत्ता तर आपणच प्रसिद्ध केलेला असतो. तोतयेगिरी करून फसवणूक झाल्यास मात्र ६६-ड या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. विलंब झाला की रक्कम थोपविणे कठीण जाते.

उत्तर कोणास द्यावे?

सर्वच अनाहूत पत्रे त्याज्य नव्हेत. नगर शहरातील एखादा मुद्रक किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठातील विद्यार्थी आपले संकेतस्थळ खरोखर वाचून लिहू शकतो. पत्रात आपल्या मजकुराचा नेमका उल्लेख, लिहिणाऱ्याचे नाव व पडताळता येईल असा पत्ता असेल, तर दोन ओळींचे उत्तर द्यावे: ‘आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. सध्या या सेवेची आवश्यकता नाही.’ ज्या संस्थेकडे आपण पूर्वी नाव दिले होते, तिची पत्रे थांबविण्यासाठी ईमेल सेवेतील ‘अनसबस्क्राईब’चा उपयोग करावा, फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर जाहिराती पाठविणाऱ्यांना ही सोय एका टिचकीत देणे बंधनकारक केले आहे. उरलेली पत्रे ‘स्पॅम’ म्हणून नोंदवावीत. मात्र आठवड्यातून एकदा ती पेटीही चाळावी, कारण एखाद्या पर्यटकाची किंवा ग्रामस्थाची विचारणा चुकून तेथे पडलेली असते.

ग्रामपंचायतींच्या बाबतीत एक गोष्ट राहते. संकेतस्थळ बहुधा एखाद्या उत्साही तरुणाने तयार केलेले असते आणि खाते त्याच्या किंवा तत्कालीन अधिकाऱ्याच्या खाजगी ईमेलवर असते. तरुण नोकरीनिमित्त पुण्यास जातो, अधिकाऱ्याची बदली होते, आणि खऱ्या सूचना तेथे जात राहतात, तर नव्या अधिकाऱ्याच्या वाट्याला केवळ जाहिराती येतात. यासाठी खाते पंचायतीच्या स्वतंत्र ईमेलवर घ्यावे, आणि पदभार सोपविताना दप्तर, शिक्के व चाव्या यांच्या यादीत नोंदवहीचे ते पान व पासवर्डचा बंद लिफाफा यांची नोंद करून घेणाऱ्याची स्वाक्षरी घ्यावी.